ओलं फडकं: एका पद्मिनीच्या बंद पडण्याचा तपास

माझ्या मामांकडे १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत, इमारतीच्या मागच्या अंगाला जांभळाच्या झाडाखाली ती उभी असते. मामा दर रविवारी ती काढून ठाण्याला मुलीकडे जातात आणि एरवी आठवड्यात दोन-तीनदा माटुंगा, प्लाझा, सिद्धिविनायक अशा फेऱ्या मारतात. २०२५ च्या उन्हाळ्यात ही गाडी रस्त्यात अकरा वेळा बंद पडली. त्या अकरा वेळांचा हा हिशोब आहे.

तक्रार एका वाक्यात मावत होती: गाडी तापली की बंद पडते, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. तोडगाही ठरलेला होता. बोनेट उघडायचं, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतायचं आणि ते ओलं फडकं एसी पंपावर गुंडाळायचं. (मुंबईच्या गॅरेजमध्ये एसी पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोहोचवणारा पंप. वातानुकूलनाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पद्मिनीत वातानुकूलन म्हणजे पुढच्या दारांवरच्या तिकोनी काचा.) काळी-पिवळी चालवणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हेच केलं. एप्रिलच्या उन्हात, सायनच्या सर्कलला, बोनेट वर आणि फडक्यातून वाफा, हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही ते मुंबईत उशिरा आले असं समजावं.

कारणं मात्र तीन सांगितली जात होती. मामांचं म्हणणं, हे सगळं नव्या पेट्रोलचं. पूर्वी पाच टक्के इथेनॉल असायचं, २०२२ मध्ये ते दहावर गेलं आणि आता थेट वीस. मिस्त्रींचं म्हणणं, पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, लाइनीत हवा धरते. त्यांनी गाडीवर गाडी याच निदानावर चालवली होती. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं, विकून टाका. हे तिसरं निदान मी तपासलं नाही.

मी मेकॅनिकलचा माणूस, तोही कारखान्यातल्या मशिनांचा. गाड्यांचा धंदा माझा नाही. पण मामा फोनवर म्हणाले, "अरे, तू इतकी वर्षं मशिनं बंद का पडतात ते शोधतोस ना? मग ये की एक रविवार." तेव्हा गेलो.

ही गाडी मुळात कुठली

आधी हे समजून घ्यावं लागतं की मामांच्या गाडीत जे इंजिन आहे ते १९८७ चं नाही. खरं तर गाडीचं हे चौकोनी अंग आपल्याकडे आलं त्या १९६४ चंही नाही. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक, हे माप इटलीत १९३७ साली फियाटच्या ५०८ सी या गाडीत आलं. दान्ते जाकोझा नावाच्या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली ती गाडी झाली. दुसरं महायुद्ध झालं, गाडीचं अंग बदललं, १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ११००/१०३ अवतरली, पण इंजिनाचं माप तेच राहिलं. आपल्याकडे हीच गाडी डुक्कर फियाट म्हणून ओळखली गेली. तिची पुढची दारं उलट्या बाजूला उघडायची.

कुर्ल्यात ही गाडी बनायला लागली त्यामागे सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. सिंदिया स्टीमने जहाजं, हिंदुस्थान एअरक्राफ्टने विमानं, आणि मग मोटारी अशी त्यांची धडपड. १९४० मध्येच त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी बोलणी केली होती, पण युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना नको होता. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. फियाटशी करार त्यानंतरचा. ११००, मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि १९६४ साली चौकोनी अंगाची डिलाइट. गंमत अशी की इटलीतल्या ११०० डी ला तोवर १२२१ सीसीचं इंजिन मिळालं होतं. आपल्याकडच्या डिलाइटला मात्र जुनंच १०८९. फियाटचं नाव सुटलं, गाडी काही काळ प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. पुढे २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत पेट्रोल पद्मिनीचं इंजिन १९३७ च्याच मापाचं होतं.

हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. परवान्यांच्या काळात गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं असेल तर कोण कशाला इंजिन बदलेल? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन आणि पुढच्या चाकांना जाणारी ताकद पाहून जुन्या फियाटवाल्यांनी तिला खेळणं म्हटलं. त्या खेळण्याने त्यांची गाडी बाजारातून उठवली. प्रीमियरने मग ११८ एनईमध्ये निसानचं इंजिन घातलं, पुढे डिझेल पद्मिनीही काढली, पण तोवर बस सुटली होती.

या तपासापुरता मुद्दा एवढाच की या गाडीची इंधनाची आणि ठिणगीची रचना अशा काळातली आहे जेव्हा पेट्रोल म्हणजे नुसतं पेट्रोल होतं. टाकी मागे, इंजिन पुढे. पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्यातला डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, खालीवर होतो आणि पेट्रोल टाकीपासून ओढून आणतो. ओढून आणतो हे महत्त्वाचं. स्ट्रॉने सरबत ओढताना स्ट्रॉमधला दाब कमी होतो तसा इथे नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबाखाली द्रव लवकर उकळतो. आजच्या गाड्यांचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून त्यांना हा त्रास जवळपास नाहीच. पद्मिनीचा पंखा बेल्टवर, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. सिग्नलला उभी राहिली की बोनेटखाली भट्टी.

म्हणजे मिस्त्रींचं निदान पुस्तकाबरहुकूम होतं. मामांचंही. थोडं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रण साध्या पेट्रोलपेक्षा अधिक बाष्पशील होतं. इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पेट्रोलमधल्या हलक्या घटकांबरोबर त्याची अशी काही जोडी जमते की दोघं मिळून त्याच्या कितीतरी आधी उडतात. दोन्ही निदानं एकमेकांत बसत होती, आणि फडकं घातल्यावर गाडी सुरू होत होती. मग अडचण कुठे होती?

वही

अडचण ही होती की मामांनी फडक्याबरोबर पंपाचा डायफ्रॅमही बदलून घेतला होता, आणि काही फरक पडला नव्हता. मी त्यांना एक शंभर पानी वही दिली. सांगितलं की गाडी बंद पडली की चिडण्याआधी पाच गोष्टी लिहायच्या: जागा, सुरू करून किती वेळ झाला, चालता चालता बंद पडली की थांबवून परत सुरू करताना अडली, बंद पडताना कशी पडली, आणि किती वेळाने सुरू झाली. मामा पोस्टातून निवृत्त झालेले. नोंद ठेवणं त्यांच्या हाडात आहे. आधीच्या सात प्रसंगांची तारीखवार आठवणही त्यांनी मामींना विचारून भरून काढली. मामींना सगळं आठवत होतं, कारण त्या प्रत्येक वेळी त्या उन्हात उभ्या होत्या.

महिन्याभराने वही पाहिली तर अकरा प्रसंग. आठ वेळा गाडी चालता चालता, गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बंद पडली होती. यातले पाच किंग्ज सर्कल ते सायन या पट्ट्यातले. सायनचा रेल्वेपूल ऑगस्ट २०२४ पासून पाडकामासाठी बंद होता, त्यामुळे तिथली गर्दी नेहमीपेक्षाही वाईट होती. उरलेले तीन प्रसंग निराळे होते. गाडी नीट चालत येऊन थांबली, दहा-वीस मिनिटं उभी राहिली आणि मग सेल्फ मारला तर घेईना.

दुसरा फरक मामांनी स्वतःच्या शब्दांत लिहिला होता आणि तिथे मी थबकलो. आठांपैकी सहा वेळा, "आधी मिसिंग मारते, फटफट करते, मग एकदम बंद." आणि थांबवल्यानंतरच्या तिन्ही वेळा, "सेल्फ छान फिरतो, पण इंजिन मुकं."

वाफ धरल्यावर गाडी सहसा अशी फटकन मरत नाही. पेट्रोल हळूहळू कमी पडतं, ती दम लागल्यासारखी मागे ओढते, अॅक्सिलेटरला दाद देत नाही, आणि मग विझते. फटफट आणि एकदम बंद, हे लक्षण ठिणगीचं वाटत होतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि एक मोठा पुरावा विरुद्ध बाजूला होता: फडकं घातलं की गाडी सुरू होत होती.

की खरंच होत होती?

पुढचा प्रसंग मी बरोबर असताना घडावा म्हणून मी तीन रविवार ठाण्याला जेवलो. तिसऱ्या रविवारी दुपारी दीड वाजता, किंग्ज सर्कलच्या महेश्वरी उद्यानाला वळसा घालताना गाडी फटफटली आणि थांबली. ढकलून कडेला घेतली. मामा सवयीने बाटली घेऊन उतरले. मी म्हटलं, "मामा, आज फडकं नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी इथे लिहीत नाही. बोनेट उघडून आम्ही समोरच्या हॉटेलात गेलो, दोन कॉफ्या प्यायलो, मामींनी इडली मागवली. पंधरा मिनिटांनी परत येऊन सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू.

म्हणजे फडक्याने काही केलं असेल किंवा नसेल, पण पंधरा मिनिटं थांबल्याने नक्की काम झालं होतं. पाणी शोधणं, फडकं भिजवणं, ते सुकलं की परत भिजवणं यात तेवढा वेळ आपोआप जातो. त्या वेळात बोनेटखालचं सगळंच थंड होतं: पंप, नळी, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल, आणि ती ठिणगी एकेका प्लगकडे वाटणाऱ्या डेल्कोच्या (डिस्ट्रिब्यूटरच्या) आतलं सामान. फडक्याला श्रेय मिळत होतं कारण ते सगळ्यांना दिसत होतं.

किंग्ज सर्कलला ठिणगी

पुढच्या खेपेला मी तयारीने गेलो. तापमान मोजायची बंदूक, पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, आग विझवायचा छोटा सिलिंडर. हा शेवटचा दागिना कुणी विसरू नये. ठिणगी आणि पेट्रोल एकाच बोनेटखाली तपासायचं असेल तर आधी ठिणगी, मग इग्निशन बंद, आणि मगच पेट्रोलला हात. क्रम उलटा केला तर तपासाला गाडी उरणार नाही.

त्या रविवारी गाडी जवळपास त्याच ठिकाणी बंद पडली. कॉइलमधून डेल्कोच्या टोपीत जाणारी जाड वायर मी उपसली, तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून साधारण पाच-सहा मिलिमीटरवर धरलं, मामांनी सेल्फ मारला. निरोगी गाडीत इथे निळी, जाड, टकटक आवाज करणारी ठिणगी दिसते. इथे पिवळी, बारीक आणि मधेच गायब होणारी दिसली. मग चावी काढली आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरचं, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीचं, झाकण उघडलं. पेट्रोल काठोकाठ. पंपाच्या अंगावर ६१ अंश. वाफ धरली असती तर चेंबर रिकामा किंवा अर्धा सापडला असता.

म्हणजे या प्रकारच्या बंद पडण्यात पेट्रोल पोहोचत होतं, करंट पोहोचत नव्हता.

आता शंकेला तीन जागा होत्या: कॉइल, तिचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर. डेल्को उघडला. पॉइंटची तोंडं काळपट आणि एका बाजूला टोकदार झालेली, दोन महिन्यांपूर्वीच बदललेली असूनही. पॉइंट उघडताना तिथे जी ठिणगी उडू पाहते ती गिळण्याचं काम कंडेन्सर करतो. तो नीट असेल तर प्रवाह झटक्यात तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि प्लगवर हजारो व्होल्ट उभे राहतात. तो गळका असेल तर ठिणगी पॉइंटवरच वाया जाते, प्लगपर्यंत उरते ती मरतुकडी. जळलेले पॉइंट कंडेन्सरकडे बोट दाखवत होते.

मी मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "कंडेन्सर नसणार साहेब. फेब्रुवारीत सर्व्हिसला नवा टाकलाय मी स्वतः."

या वाक्याने दोन महिने घालवले होते. नव्या वस्तूवर कुणी संशय घेत नाही. पंप जुना म्हणून बदलला, नळी जुनी म्हणून शिव्या खाल्ल्या, पेट्रोल नवं पण ते आपल्या हातात नाही. कंडेन्सर फेब्रुवारीतला, कोऱ्या डबीतून काढलेला, तेव्हा तो सुटला. वहीतला पहिला प्रसंग मार्चअखेरीचा होता, म्हणजे सर्व्हिसनंतर महिन्याभराने.

मामींचा हेअर ड्रायर

लॅमिंग्टन रोडवरून मी मायक्रोफॅरड, म्हणजे कंडेन्सरची क्षमता, मोजणारा मीटर आणला. काढलेला कंडेन्सर थंड असताना मोजला: ०.२२. अशा डेल्कोला जेवढा लागतो तेवढाच. रोधही अमाप, म्हणजे गळती शून्य. मामा म्हणाले, "बघ, चांगला आहे." टेबलावर होताच चांगला. पण तो रस्त्यावर टेबलाच्या तापमानाला राहत नाही.

मामींचा हेअर ड्रायर मागितला. कशाला हवा ते सांगितल्यावर तो मिळायला थोडा वेळ लागला. डबी ७० अंशांपर्यंत तापवली तसा मीटरचा आकडा घसरायला लागला. आधी दशलक्ष ओहम, मग लाख, मग त्याच्याही खाली. थंड केली, परत अमाप. तापवली, परत घसरण. आतल्या कागदाचा किंवा प्लास्टिकच्या पडद्याचा थर उष्णतेत तग धरत नव्हता. टेबलावर पास, सायनला नापास.

मिस्त्री संध्याकाळी आले. त्यांना आधी राग आला, मग त्यांनी स्वतः ड्रायर हातात घेऊन प्रयोग परत केला आणि गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "टॅक्स्या होत्या तोवर असं व्हायचं नाही."

याचा अर्थ त्यांनी समजावला तो असा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी कायदेशीररीत्या उरली नाही. बातम्यांत हळहळ व्यक्त झाली. मिस्त्रींच्या धंद्यात मात्र वेगळंच झालं होतं. हजारो टॅक्स्या रोज बारा-चौदा तास धावायच्या तेव्हा खराब कंडेन्सर विकणाऱ्या दुकानदाराला टॅक्सीवाले दुसऱ्या दिवशी दारात दिसायचे. आता गिऱ्हाईक म्हणजे मामांसारखे हौशी, आठवड्याला काही फेऱ्या मारणारे. डबीत काय आहे ते कळायला त्यांना उन्हाळा यावा लागतो. हा मिस्त्रींचा अंदाज, पण मला तो पटला. चांगला माल टिकवून धरणारं गिऱ्हाईक टॅक्सी होती. आम्ही हौशी लोक तिच्या पुण्याईवर गाड्या चालवत होतो, हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्यांचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. आत मोडीत गेलेल्या टॅक्स्यांमधून काढलेले वीस-पंचवीस कंडेन्सर. काहींवरची अक्षरं पुसलेली. आम्ही त्यांतले सहा ड्रायरखाली तपासले. पाच पक्के निघाले. एक लावला, पॉइंट नवे घातले, फट ०.४५ मिलिमीटरला धरली.

पुढच्या चौदा फेऱ्यांत गर्दीत गाडी एकदाही बंद पडली नाही.

इथे थांबायला सगळे तयार होते. मी नव्हतो. चौदा फेऱ्यांत मध्ये एक वळवाचा पाऊस झाला होता, दोन दिवस ढगाळ होते. म्हणून मी तो गळका कंडेन्सर परत लावायला सांगितला. मामा म्हणाले, "तुला वेड लागलंय." मिस्त्रींनी मामांच्या बाजूने मान डोलावली. मामी म्हणाल्या, "मी घरी थांबते." तिसऱ्या फेरीला, माटुंग्याच्या फूलबाजारापाशी, फटफट आणि बंद. तो काढला, डब्यातला टॅक्सीचा परत लावला, त्रास गेला. कारखान्यात आम्ही बिघाड सापडला असं तेव्हाच म्हणतो जेव्हा तो हवा तेव्हा परत आणता येतो.

पण तीन प्रसंग उरले होते

चौदा फेऱ्यांत गर्दीतलं बंद पडणं शून्य झालं तरी दोनदा गाडी थांबवल्यावर परत घेईना. एकदा ठाण्यात मुलीच्या इमारतीखाली, एकदा सिद्धिविनायकाजवळ. ठिणगी निळी. फ्लोट चेंबर उघडला तर जवळपास रिकामा, तळाशी जेमतेम ओल. पंपावर ७६ अंश. चालताना ६० च्या आसपास असलेला पंप, इंजिन बंद केल्यावर वारा आणि पंखा थांबल्याने आणखी तापतो. पेट्रोल उकळून उडून जातं, आणि सुरू करताना पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढत बसतो.

म्हणजे मिस्त्री आणि मामा चूक नव्हते. त्यांचं निदान अकरांपैकी तीन प्रसंगांना लागू होतं. "गाडी तापली की बंद पडते" या एका वाक्यात दोन वेगळे आजार एकाच पांघरुणाखाली झोपले होते आणि पंधरा मिनिटं थांबण्याचं औषध दोघांनाही लागू पडत होतं.

या दुसऱ्या भागाला फार प्रतिभा लागली नाही. पंपापर्यंत येणारी रबरी नळी इथेनॉलने फुगून मऊ झाली होती आणि जोडाजवळ तिला बारीक चीर होती, तिथून पंप हवा ओढत होता. इथेनॉल चालेल अशी नळी आणली आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर वळवली. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये हायलमचा (उष्णता कमी वाहणाऱ्या कडक लॅमिनेटचा) जाड तुकडा घातला, म्हणजे धातूतून येणारी उष्णता थोडी अडते. (तुकडा जाड केला की पंपाचा दांडा तेवढा आखूड पडतो, ते मिस्त्रींनी जुळवलं. मी असतो तर नक्की विसरलो असतो.) पारदर्शक फिल्टर बसवला. दोन दिवसांत त्यात तांबूस गाळ साचला, कारण इथेनॉल टाकीच्या तळाचं जुनं किटण खरवडून आणतं. टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवण्याचा पर्याय सगळ्यात पक्का होता. मामांनी तो ऐकूनही घेतला नाही. गाडी मूळची तशीच हवी.

मग एक प्रश्न उरला, आणि त्यावर मिस्त्रींशी माझं अजून एकमत नाही. कंडेन्सर गळका होता तर पूर्वीच्या साध्या पेट्रोलवरही तो इतकाच नडला असता का?

मला वाटतं, नसता. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला कमी हवा लागते. साध्या पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा, शुद्ध इथेनॉलला नऊ, आणि या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. आजच्या गाडीत ऑक्सिजनचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. पद्मिनीच्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच, त्यामुळे मिश्रण आपसूक सात-आठ टक्के सौम्य होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. सौम्य मिश्रण पेटवायला जास्त जोरदार ठिणगी लागते. प्लग काढून पाहिले तर टोकं पांढरट होती, म्हणजे गाडी तशीच चालत होती. आधीच मरतुकडी झालेल्या ठिणगीने साध्या पेट्रोलवर कदाचित रडतखडत भागवून नेलं असतं. नव्यावर ती कमी पडली. मामा "पेट्रोलचा दोष" म्हणत होते त्यात म्हणून थोडं तथ्य होतं, पण ते म्हणत होते त्या कारणाने नव्हे.

मेन जेट एक नंबर वरचा घातला. प्लगची टोकं बिस्किटी रंगाची झाली. अॅव्हरेज लिटरला साडेअकरावरून साडेदहावर आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा वीस टक्क्यांना सहा-सात टक्के तर जाणारच. बाकीचं जेटने घेतलं असावं. मिस्त्रींचं मत, जेटची गरज नव्हती, कंडेन्सरने सगळं भागलं असतं. जुना जेट परत लावून टॅक्सीच्या चांगल्या कंडेन्सरवर उन्हाळा काढून बघायला हवं. मामांना अजून विचारलेलं नाही.

जूनच्या पहिल्या पावसात गाडी ठाण्याहून परत येताना सायनला वीस मिनिटं अडकली आणि सरळ घरी आली. वायपर मात्र चेंबूरपासून बंद होता. तो वेगळा विषय. गळका कंडेन्सर मामांनी आगपेटीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, वर सुबक अक्षरात चिठ्ठी: "हा लावू नये." डिकीत पाण्याची बाटली आणि घडी घातलेलं फडकं अजून तसंच आहे.